फर्स्ट फ्लोअर म्हणजे नक्की कितवा मजला?

"कुठे आहेस तू?"

"फर्स्ट फ्लोअरवर, लिफ्टसमोर."

"मीही फर्स्ट फ्लोअरवर, लिफ्टसमोरच उभी आहे. तू कुठेच दिसत नाहीस!"

फोनवरचे हे दोघंही खरं बोलताहेत, आणि आपापल्या परीने दोघंही योग्य जागीच उभे आहेत. ती लंडनमध्ये वाढली, तो शिकागोत. ती दारातून आत आली आणि एक जिना चढून वर गेली. तो दारातून आत आला आणि तिथेच थांबला. दोघांमध्ये अंतर आहे ते दहा-बारा फुटांचं, एका छताचं.

ब्रिटिश आणि अमेरिकी इंग्रजीतले बरेचसे फरक निरुपद्रवी असतात. एक जण 'लिफ्ट' म्हणतो, दुसरा 'एलिव्हेटर'. शब्द अनोळखी वाटला की माणूस थांबतो, विचारतो आणि प्रश्न मिटतो. मजल्यांच्या बाबतीत अडचण अशी की शब्द तोच, उच्चार जवळपास तोच, आणि अर्थ मात्र एका मजल्याने सरकलेला. शंका यायला जागाच राहत नाही, म्हणून कोणी विचारतही नाही. हॉटेलची खोली, भाड्याचं घर, परिषदेचं सभागृह, दवाखान्यातली भेटीची वेळ, सगळीकडे हा घोळ होतो. तो नीट समजून घेतला तर पुन्हा कधी फसायला होत नाही.

दोन पद्धती

ब्रिटनमध्ये रस्त्यालगतचा मजला म्हणजे 'ग्राउंड फ्लोअर'. त्याच्या वरचा 'फर्स्ट फ्लोअर', त्याच्या वरचा 'सेकंड'. आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत इथल्या इंग्रजीतही साधारण हीच रीत आहे. आपल्या मराठीतले 'तळमजला' आणि 'पहिला मजला' याच रीतीत चपखल बसतात, त्यामुळे ब्रिटिश मोजणी आपल्याला कधी खटकत नाही. ठेच लागते ती अमेरिकेत.

अमेरिकेत रस्त्यालगतचा मजला हाच 'फर्स्ट फ्लोअर' आणि त्याच्या वरचा 'सेकंड'. म्हणजे ब्रिटिश आकड्यात एक मिळवला की अमेरिकी आकडा येतो. 'ग्राउंड फ्लोअर' हा शब्द अमेरिकी माणसाला माहीत नसतो असं मात्र नाही. तोही तो वापरतो, पण बहुतेक वेळा फर्स्ट फ्लोअरचंच दुसरं नाव म्हणून. एखाद्या धंद्यात अगदी सुरुवातीपासून शिरलेल्या माणसाबद्दल तो 'ग्राउंड फ्लोअरला शिरला' असंही म्हणतो. त्यामुळे 'ग्राउंड' या शब्दाबद्दल दोन्हीकडे फारसा गोंधळ नाही. गोंधळ आहे तो 'फर्स्ट' आणि त्यापुढच्या प्रत्येक आकड्याचा.

पूर्ण झालेलं वय आणि लागलेलं वय

हा फरक मराठी माणसाला समजावायला सर्वांत सोपं उदाहरण वयाचं. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलीबद्दल एक जण म्हणतो, "ती दोन वर्षांची आहे." दुसरी म्हणते, "तिला तिसरं लागलंय." मुलगी तीच, दिवस तोच. एकाने पूर्ण झालेली वर्षं मोजली, दुसरीने चालू असलेलं वर्ष सांगितलं. आपण दोन्ही ऐकतो आणि गोंधळत नाही, कारण 'पूर्ण' आणि 'लागलं' हे शब्द सोबत असतात.

ब्रिटिश मोजणी पूर्ण झालेल्या वर्षांसारखी आहे. जमिनीपासून किती मजले चढून आलात, एवढंच ती सांगते. काहीच चढला नसाल तर आकडाच नाही, फक्त 'ग्राउंड'. अमेरिकी मोजणी लागलेल्या वर्षासारखी आहे. तुम्ही खालून कितव्या थरात उभे आहात, ते ती सांगते. जमिनीलगतचा थर हाही एक थरच, म्हणून तो पहिला. इंग्रजीत अडचण इतकीच की 'पूर्ण' किंवा 'लागलं' असा खुणेचा शब्द मजल्यासोबत कोणी बोलत नाही.

इथे इंग्रजीतले दोन शब्द वेगळे ठेवले की पुढचं सोपं जातं. 'फ्लोअर' म्हणजे मुळात पायाखालची सपाटी, जिच्यावर आपण उभे राहतो ती. 'स्टोरी' म्हणजे एक सपाटी आणि तिच्या वरची सपाटी यांच्यामधली अख्खी पोकळी, ज्यात आपण राहतो ती. इमारत बांधताना जमीन आधीपासून असतेच. माणूस उंचावर जी पहिली सपाटी बांधतो, ती त्याच्या हातची पहिली. या नजरेने पाहिलं तर ब्रिटिशांचा फर्स्ट फ्लोअर पटतो. पोकळ्या मोजायला घेतल्या तर मात्र सर्वांत खालची पोकळी पहिलीच ठरते, आणि अमेरिकी फर्स्ट फ्लोअरही तितकाच पटतो. अमेरिकी कोशकार नोहा वेबस्टर यांनी १८२८ च्या आपल्या शब्दकोशात 'स्टोरी'चा अर्थ देताना हा फरक नोंदवलाच आहे: अमेरिकेत जमिनीलगतचा थर पहिला, फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये मात्र जमिनीपासून दुसरा तो पहिला. म्हणजे ही मोजणी उंच इमारतींच्या किंवा लिफ्टच्या काळात निघालेली नाही.

जिथे दोघांचं एकमत आहे

इमारत एकूण किती 'स्टोरी'ची, हे सांगताना लंडन आणि शिकागो अगदी एकच आकडा देतात. पाच थरांची इमारत दोन्हीकडे पाच स्टोरींचीच. फक्त तिचा सर्वांत वरचा मजला लंडनमध्ये 'फोर्थ फ्लोअर' आणि शिकागोत 'फिफ्थ फ्लोअर'. मराठीतही हेच होतं. 'दुमजली घर' म्हणताना आपण तळमजला धरतो, आणि त्याच घराच्या माडीला 'पहिला मजला' म्हणताना तो सोडून देतो. एकाच दमात दोन मोजण्या करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

कायद्यात हे फार महत्त्वाचं ठरतं. इंग्लंडच्या २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्यात जास्त जोखमीची निवासी इमारत कोणती याची व्याख्या आहे: उंची किमान १८ मीटर किंवा किमान ७ स्टोरी, आणि आत किमान २ घरं. जमिनीखालचे थर यात धरत नाहीत, ग्राउंड फ्लोअर मात्र धरतात. म्हणजे ज्या इमारतीच्या लिफ्टमध्ये सर्वांत वरचं बटण ६ आहे, ती या व्याख्येत बसते. बटणावर ७ दिसत नाही म्हणून आपल्याला हा कायदा लागू नाही असं मानणारा रहिवासी चुकेल. भारतातल्या बांधकाम व्यवसायाने यावर आपला सरळ तोडगा काढला आहे: 'जी प्लस फोर'. ग्राउंड वेगळा सांगितला, वरचे चार वेगळे सांगितले, बेरीज ज्याची त्याने करावी. मला हा तोडगा फार आवडतो, कारण त्यात गैरसमजाला फटच नाही.

'स्टोरी'चं स्पेलिंगही दोन्हीकडे वेगळं आहे. अमेरिकेत ते गोष्ट या अर्थाच्या 'स्टोरी'सारखंच लिहितात, ब्रिटनमध्ये त्यात आणखी एक 'ई' घालतात. आणि हे दोन शब्द बहुधा सख्खे आहेत. मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'हिस्तोरिया'पासून दोन्ही आले असं मानतात. इमारतीच्या दर्शनी भागावर एकावर एक ओळींमध्ये चित्रं किंवा शिल्पं असत, त्या ओळींवरून थराला हे नाव पडलं असावं, असा अंदाज व्युत्पत्तीचे अभ्यासक बांधतात. ब्रिटिशांचा 'फ्लॅट' हा शब्दही मजल्यातूनच आला आहे. स्कॉटलंडमध्ये आधी तो मजल्यासाठी वापरत, मग त्या मजल्यावरच्या घरासाठी वापरू लागले. आणि वरच्या खिडकीतून घरात शिरणाऱ्या चोराला जुन्या अमेरिकी बोलीत 'सेकंड-स्टोरी मॅन' म्हणत. हा चोर लंडनमध्ये फर्स्ट फ्लोअरच्या खिडकीतून शिरला असता!

"ब्रिटिश पद्धत मूळची, म्हणून तीच बरोबर ना?"

हा आक्षेप नेहमी येतो, आणि त्यामागे थोडा अभिमानही असतो. पण जगाकडे नजर टाकली तर हा वाद ब्रिटन विरुद्ध अमेरिका असा राहत नाही. युरोपातल्या फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये जमिनीलगतच्या मजल्याला स्वतंत्र नाव आहे आणि मोजणी त्याच्या वरून सुरू होते, म्हणजे ब्रिटिशांसारखी. रशियन, चिनी, जपानी आणि नॉर्वेजियन भाषांत जमिनीलगतचा मजलाच पहिला, अमेरिकेसारखा. यातल्या कोणत्याही समाजाने दुसऱ्याची पद्धत बिघडवलेली नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही सरळ दोन तट पडत नाहीत. कॅनडात स्पेलिंग ब्रिटिश, मोजणी बहुतेक ठिकाणी अमेरिकी. सिंगापूरमध्येही 'स्टोरी'चं स्पेलिंग ब्रिटिश आहे, पण पत्त्यातला ०१ म्हणजे जमिनीलगतचाच थर. तिथल्या सरकारी गृहसंकुलांत खालचा थर बहुधा रहिवाशांच्या वावरासाठी मोकळा सोडलेला असतो. अशा इमारतीत सर्वांत खालच्या घराच्या पत्त्यातही मजल्याचा आकडा ०२ असतो. लंडनहून गेलेला माणूस तो पत्ता वाचून दोन जिने चढायची तयारी करतो आणि चढावा लागतो एकच. ग्लासगोत याच्या नेमकं उलट: जुन्या चाळवजा दगडी इमारतींत घराचा क्रमांक ०/१, १/१, २/१ असा लिहितात. आधी मजला, मग त्या मजल्यावरचं घर. तळमजल्याला उघडपणे शून्य.

ब्रिटिश मोजणी टिकून राहिली यामागे तिथल्या घरांची रचना आहे, असं मला वाटतं. लंडनमधल्या अठराव्या शतकातल्या, जॉर्जियन काळातल्या घरांच्या रांगेसमोर उभं राहून वर पाहिलं की ती समजते. दाराच्या पातळीवरच्या खिडक्या बेताच्या. त्यांच्या वरच्या ओळीतल्या खिडक्या सर्वांत उंच, कधी कधी लोखंडी कठड्याच्या छोट्या सज्जासह. त्याच्या वर गेलं की खिडक्या पुन्हा लहान होत जातात, आणि छपराखाली नोकरांच्या खोल्यांची इवलीशी तावदानं. उंच खिडक्यांची ती ओळ म्हणजे फर्स्ट फ्लोअर. पाहुण्यांना बसवायचा मोठा दिवाणखाना तिथे असे, रस्त्याच्या चिखलापासून आणि गोंगाटापासून वर. इटलीतल्या वाड्यांत तर अशा मजल्याला 'पियानो नोबिले', म्हणजे खानदानी मजला, असं नावच आहे. घराचा मुख्य मजला वरचा असेल, तर 'पहिला' हे नावही त्यालाच शोभतं.

न्यूयॉर्कच्या जुन्या तपकिरी दगडाच्या घरांतही दिवाणखाना उंचावरच असतो, पण तिथे पायऱ्या घराबाहेर आहेत. रस्त्यावरूनच आठ-दहा पायऱ्या चढून थेट मुख्य मजल्याच्या दारात जायचं, आणि अर्धवट जमिनीत रुतलेला थर त्या पायऱ्यांच्या आड खाली राहतो. दारातून आत पाऊल टाकलं की माणूस घराच्या पहिल्या मजल्यावर पोचलेला असतो. त्याला 'ग्राउंड' म्हणायला तिथे जमीनच नाही.

वरच्या मजल्यांची किंमत पुढे लिफ्टने बदलली. एलिशा ओटिस यांच्या कंपनीची प्रवासी लिफ्ट १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या पाच थरांच्या हॉवाउट इमारतीत बसली. चढायचे कष्ट गेले, आणि छपराखालची नोकरांची जागा सर्वांत महाग झाली. मजल्यांची नावं मात्र दोन्ही देशांत होती तशीच राहिली.

"शून्य मजला कसा असेल? तिथे तर लोक राहतात!"

अमेरिकी माणसाचा हा प्रश्न रास्त आहे. ज्या जागेत माणसं वावरतात तिला शून्य म्हणणं विचित्र वाटतंच. पण शून्य ही जागेची किंमत नाही, ती मोजपट्टीची सुरुवात आहे. पट्टीवर शून्याची खूण असते म्हणून ती जागा नाहीशी होत नाही.

शून्याचा उपयोग दिसतो तो तळघरं आली की. लिफ्टमध्ये –१, ०, १, २ अशी बटणं असतील तर –१ वरून १ वर जायला दोन मजले चढावे लागतात, आणि वजाबाकीचं उत्तरही दोनच येतं. अमेरिकी लिफ्टमध्ये तळघराच्या पहिल्या थराला 'बी १' म्हणतात आणि त्याच्या लगेच वर १ असतो. बी १ म्हणजे उणे एक असं धरून वजाबाकी केली तर दोन मजले येतात, प्रत्यक्षात एकच चढायचा असतो. इसवी सनाच्या मोजणीतही हीच खोच आहे. इसवी सनापूर्वी १ नंतर लगेच इसवी सन १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणून त्या सीमेपलीकडचं अंतर काढताना एक वर्ष कमी करावं लागतं. शून्य नसलेली मोजणी चुकीची नसते. सीमा ओलांडताना तेवढं भान ठेवावं लागतं.

जमीनच तिरपी असेल तर?

आतापर्यंत आपण गृहीत धरलं की जमीन सपाट आहे. उतारावरच्या इमारतीला दोन रस्त्यांवर दोन दारं असतात, आणि एका दाराने आत आल्यावर जो तळमजला तो दुसऱ्या दाराने वरचा ठरतो. ब्रिटनमध्ये मग 'लोअर ग्राउंड' आणि 'अपर ग्राउंड' अशी नावं येतात. अमेरिकेत अशा इमारतींत 'जी' आणि '१' ही दोन वेगळी बटणं सापडतात, आणि तिथे 'ग्राउंड म्हणजेच फर्स्ट' हा अमेरिकी नियमही मोडतो. 'एल' हे लॉबीचं बटण आणि 'एम' हे मधल्या अर्ध्या मजल्याचं बटण यांनी त्यात भर पडते.

जमिनीत रुतलेल्या थराचं काय, हे न्यूयॉर्कच्या नियमांनी नेमकं ठरवलं आहे. थराची किमान निम्मी उंची पदपथाच्या कडेच्या पातळीच्या वर असेल तर ते 'बेसमेंट', आणि ते स्टोरी म्हणून मोजलं जातं. निम्म्याहून जास्त उंची जमिनीखाली असेल तर ते 'सेलर', आणि ते मोजलं जात नाही. बोलताना लोक दोन्हींना बेसमेंटच म्हणतात. घर राहायला घेताना मात्र हा फरक फार मोठा असतो, कारण सेलरमध्ये राहण्यावर कडक निर्बंध आहेत.

आकडे गाळले की हिशेबच बिघडतो

एक मिळवा, एक वजा करा हे सूत्रही उंच इमारतीत फसू शकतं. अमेरिकेतल्या कितीतरी इमारतींत १२ नंतर थेट १४ येतो, कारण १३ अशुभ मानतात. हाँगकाँगमध्ये इंग्रजी मोजणी ब्रिटिश आहे, पण ४, १४, २४ हे आकडे अनेकदा नसतात. कँटोनीजमध्ये 'चार'चा उच्चार 'मृत्यू'च्या उच्चाराशी जुळतो म्हणून. तिथल्या ३९ कॉन्ड्युइट रोड या इमारतीत ४६ थर असताना सर्वांत वरच्या मजल्याला ८८ हा शुभ आकडा दिला होता, आणि २००९ मध्ये त्यावरून मोठी चर्चा झाली. उंच इमारतींची जागतिक यादी ठेवणारी संस्था म्हणूनच लिफ्टमधल्या आकड्यांवर विसंबत नाही. जमिनीलगतचा मजला धरून प्रत्यक्ष थर मोजते.

"लिफ्ट आहे ना, मग काय बिघडतं?"

रोजच्या वापरात फारसं बिघडत नाही, हे मान्य. लिफ्ट बनवणाऱ्यांनीही बाहेरून आलेल्या माणसाचा विचार केलेला आहे. अमेरिकेत मुख्य प्रवेशाच्या मजल्याच्या बटणाशेजारी बोटाला जाणवेल असा उठावाचा तारा असतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी तो नियमाने आवश्यक केला आहे, पण ज्यांना 'जी' की 'एल' की '१' हे कळत नाही त्यांच्याही तो कामी येतो. युरोपातल्या नव्या लिफ्टमध्ये बाहेर पडायच्या मजल्याचं बटण इतर बटणांपेक्षा किंचित पुढे आलेलं आणि बहुधा हिरवं असतं. परदेशात लिफ्टमध्ये शिरलात की आधी तारा किंवा हिरवं बटण शोधा. मोजणी तिथून सुरू करायची.

पण लिफ्ट नसेल तर? न्यूयॉर्कमधलं 'थर्ड फ्लोअर वॉक-अप' म्हणजे दोन जिने चढायचे. लंडनमधल्या 'थर्ड फ्लोअर, नो लिफ्ट'ला तीन. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी, बाबागाडी उचलून नेणाऱ्या आईसाठी तो तिसरा जिना लहान नसतो. अशा वेळी मजल्याचा आकडा विचारूच नये. "रस्त्यापासून किती जिने चढायचे?" असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर दोन्ही देशांत एकच येतं.

आणि आग लागली तर? तेव्हा लिफ्ट वापरायची नसते, जिन्यात धूर असतो, आणि फोनवरचा माणूस सांगतो ते आकडे अग्निशमन दलाला इमारतीतल्या खऱ्या जागांशी जुळवावे लागतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ थरांच्या इमारतीत १४ जून २०१७ रोजी चौथ्या मजल्यावरच्या एका घरात आग लागली आणि ७२ माणसं गेली. त्या दुर्घटनेची कारणं अनेक होती आणि मुख्य कारण बाहेरचं ज्वालाग्राही आच्छादन होतं. पण चौकशीच्या ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या अहवालात एक साधी वाटणारी शिफारसही होती: प्रत्येक उंच इमारतीत जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर आणि लॉबीत मजल्याचा आकडा ठळक लिहा, आणि तो अंधुक उजेडात, धुरातही वाचता यायला हवा.

२०२० मध्ये इंग्लंडच्या अग्निसुरक्षेच्या मार्गदर्शक नियमांत ११ मीटरपेक्षा उंचावर मजला असलेल्या नव्या निवासी इमारतींसाठी ही पाटी कशी असावी ते आलं. अक्षरं किमान ५० मिलिमीटर उंच, आकडा किमान ७५ मिलिमीटर. पाटी त्या मजल्याच्या फरशीपासून १.७ ते २ मीटरवर, जिन्याच्या वरच्या पायरीवरून दिसेल अशी, टॉर्चच्या उजेडात वाचता येईल अशी. आणि इमारतीभोवतीच्या जमिनीची पातळी असमान असेल तर तिची सरासरी काढायची. त्या सरासरीच्या सर्वांत जवळच्या मजल्याला 'फ्लोअर झीरो' किंवा 'ग्राउंड फ्लोअर' म्हणायचं, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर लिहायचं: 'फ्लोअर १'.